हलका वाढपी आणि दारावरची पाटी

एका तालुक्याच्या गावात एक बाई होती आणि तिला झोप लागत नसे.

तिचं नाव शलाका. तिला जागं ठेवणारी काळजी रोज वेगळी असे. तिची पाच वर्षांची मुलगी रेणू जरा खोकली की शलाकाला थेट न्यूमोनिया दिसे. नवरा हेरंब याने फोन उचलला नाही की त्याची मोटारसायकल ट्रकखाली दिसे. गॅस बंद केला की नाही, यावर तर ती पडल्यापडल्या तासन्‌तास विचार करी. ओटा भिंतीपलीकडेच होता. पण ती उठून बघत नसे. बंद निघाला तर हसं होईल, चालू निघाला तर भीती वाटेल, त्यापेक्षा काळजी करणं बरं. सकाळी गॅस बंदच असे आणि तिला वाटे, चला, आपण जागे होतो म्हणून निभावलं.

हेरंब म्हणे, "काळजी करायचा पगार मिळाला असता ना, तर आज आपण बंगल्यात असतो."

"तुला चेष्टा सुचतेय," शलाका म्हणे. "घरात एकाने तरी काळजी करायला नको?"

शलाका शिकलेली होती. कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती पुण्यातल्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. रेणू झाली आणि ती गावी आली. येताना नोकरी तिकडेच राहिली, काळज्या मात्र सगळ्या सोबत आल्या.

त्याच गावात 'ओसरी' नावाची एक संस्था होती. मार खाल्लेल्या, हाकलून दिलेल्या, अंगावरच्या साडीनिशी निघून आलेल्या बायका तिथे येत. संस्था त्यांना लांबच्या गावी खोली आणि काम मिळवून देई. कुठे, ते कुणालाही सांगत नसे. बायकांच्या आईवडिलांनाही नाही. संस्था चालवणाऱ्या प्रमिलाताई जुन्या शिक्षिका. त्यांचा एक नियम होता.

"बाईचा पत्ता हा तिचा दागिना," त्या म्हणत. "तो अंगावर घालून मिरवायचा नसतो."

'ओसरी'ची वेबसाइट शलाकाने बनवली होती. अडलेल्या बाईने मोबाइलवरून आपलं गाऱ्हाणं लिहावं आणि ते फक्त ताईंना दिसावं, अशी तिची रचना होती. शिवाय साइटला आतली एक खोली होती. कार्यकर्त्या लांबच्या गावी जाऊन बायकांना भेटून येत, तेव्हा प्रत्येकीचा एक फोटो काढून या खोलीत टाकत. फोटोला त्या बाईचं पूर्ण नाव दिलेलं असे. बाई सुखरूप आहे, हे ताईंना कार्यालयात बसून दिसावं म्हणून ही सोय. खोलीला पासवर्ड होता.

चंद्रकलाचा फोटोही तिथेच होता. ही चंद्रकला 'ओसरी'त आली तेव्हा तिचं मनगट मोडलेलं होतं. कार्यालयात शलाका कॉम्प्युटरवर बसे आणि चंद्रकला प्लॅस्टरच्या हाताने रेणूला सांभाळी. उरलेल्या एका हाताने तिने रेणूला कागदाची भिरभिरी करायला शिकवलं. मनगट बरं झालं आणि ताईंनी तिला दुसऱ्या जिल्ह्यात एका रोपवाटिकेत कामाला लावलं. काही दिवसांनी तिचा फोटो आला. झेंडूच्या रोपांमध्ये उभी राहून ती चक्क हसत होती. शलाकाने ती हसताना त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिने तो फोटो रेणूलाही दाखवला.

सर्व्हर म्हणजे काय, हे ताईंना समजावताना शलाका एकदा म्हणाली होती, "पाहुण्याने पान मागितलं की आतून आणून वाढतो, तो सर्व्हर. पंगतीतला वाढपीच म्हणा ना." ताईंना ते इतकं पटलं की पुढे त्या सर्व्हरला वाढपीच म्हणू लागल्या.

'ओसरी'चा जुना वाढपी जाडजूड होता. तो स्वतःच रांधायचा, स्वतःच वाढायचा, आणि आत जाताना प्रत्येक दाराशी थांबून तिथली पाटी वाचायचा. फोटोंच्या खोलीवर शलाकाने पाटी लावली होती, की पासवर्ड सांगून ओळख पटवल्याशिवाय कुणाला आत सोडू नये. पाटी म्हणजे त्या फोल्डरात ठेवलेली चार ओळींची एक फाइल. जुना वाढपी ती दर वेळी वाचायचा आणि परक्याला दारातूनच परत पाठवायचा. म्हणून तो भरवशाचा होता. म्हणूनच तो संथही होता. एकाच वेळी बरीच माणसं साइटवर आली की त्याला धाप लागायची आणि पान पांढरंफटक पडायचं.

महिला दिन आला. 'ओसरी'ला दुसरं घर हवं होतं. पहिल्यात बायका दाटीवाटीने झोपत होत्या. ताईंनी तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, देणग्या देऊ शकतील अशा लोकांना बोलावलं आणि शलाकाला म्हणाल्या, "त्या दिवशी साइट मोठ्या पडद्यावर दाखवायची. सगळे आपापल्या मोबाइलवर उघडून बघतील. तुझ्या वाढप्याला तेवढं सांग, चारचौघांत चक्कर येऊन पडू नकोस म्हणावं."

शलाकाने ठरवलं, वाढपीच बदलायचा. तिने एक हलका सर्व्हर निवडला. चपळ, कमी खाणारा, शेकडो पाहुण्यांना एकटा पुरणारा. तिने साइटच्या सगळ्या फाइली त्याच्याकडे नेल्या, सगळ्या आल्या की नाही ते बघायला त्याला प्रत्येक खोलीतल्या वस्तूंची नावं दाखवायला सांगितलं, आणि ताईंना शेजारी बसवून साइट उघडली.

पडद्यावर साइट आलीच नाही. शलाकाने लिहिलेला कोडच्या कोड अक्षरशः पडद्यावर ओतला गेला. त्यात पासवर्डसुद्धा.

"हे काय गं?" ताई म्हणाल्या. "हा तर जेवणाऐवजी कच्चे तांदूळच वाढतोय."

शलाकाला हसू आलं आणि घामही फुटला. तिने सर्व्हर आधी बंद केला, पासवर्ड बदलला, मग शोध घेतला. हा वाढपी हलका होता, कारण तो रांधत नव्हता. साइट ज्या भाषेत लिहिली होती ती भाषा त्याला येतच नव्हती. आत वेगळा आचारी बसवायचा आणि 'अमुक प्रकारचं पान मागितलं तर स्वतः वाढू नकोस, आचाऱ्याकडे पाठव' असं याला स्पष्ट लिहून द्यायचं. तिने दिलं. साइट उघडली, आणि अशी उघडली की बोट उचलायच्या आत पान हजर.

"म्हणजे सांगितलं नाही तर याला काही कळत नाही," ताई म्हणाल्या.

"नाही कळत," शलाका म्हणाली. "पण सांगितलेलं विसरत नाही."

वाक्य चांगलं जमलं, असं तिला वाटलं. त्या वाक्याचा अर्थ काय, हे मात्र कार्यक्रमाच्या सकाळी तिच्या लक्षात आलं.

ती साडीच्या निऱ्या करत होती. याला आचाऱ्याचं सांगावं लागलं. मग दारांवरच्या पाट्यांचं काय? पाटीची फाइल इतर फाइलींबरोबर आली होती, हे तिने पाहिलं होतं. पाटी दारावर होती. पण हा वाढपी पाटी वाचतो का?

शलाकाचे हात थांबले. उत्तर मिळवणं अवघड नव्हतं. मोबाइल समोरच पडला होता. परक्या माणसासारखं त्या खोलीचं नाव टाकायचं आणि दार उघडतं का बघायचं, बस्स. पण दार उघडं निघालं तर? तर साइट तिथल्या तिथे बंद करावी लागली असती. पाहुणे निघाले होते. ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मोठ्या पडद्यावर काय दाखवायचं?

"आई, तुझी पिन पडली," रेणू म्हणाली.

शलाकाने पिन उचलली, साडीला लावली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. कार्यक्रम झाला की बघू.

कार्यक्रम झाला. साइट वाऱ्यासारखी पळाली. एका पाहुण्या बाईंनी दुसऱ्या घराचा खर्च उचलायचं तिथेच जाहीर केलं. ताईंनी शलाकाला व्यासपीठावर बोलावून तिच्या गळ्यात हार घातला आणि माइकवरून म्हणाल्या, "आमच्या सगळ्या लेकी हिच्या भरवशावर आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तिच्या काळज्यांत आणखी एका काळजीची भर पडली. पाटी वाचत नसेल तर? पोळ्या लाटताना तिला ते आठवे. रेणूची वेणी घालताना आठवे. ती मनाशी वाद घाली. त्या खोलीचं नाव कुणाला माहीत आहे? कुणीही नाही. मग कोण जाणार तिथे? आणि आपल्याला तर असं काय काय वाटतच असतं. न्यूमोनिया कधी झाला का? ट्रक कधी आला का? खऱ्या काळजीच्या कपाळावर काही वेगळं लिहिलेलं नव्हतं. ती खोट्या काळज्यांच्या घोळक्यात उभी राहिली आणि त्यांच्यासारखीच दिसू लागली. शलाका रोज तिची आठवण काढी. रोज आठवण काढली की काहीतरी केल्यासारखं वाटे. मग ती दुसऱ्या कामाला लागे.

हलका वाढपी तिकडे पळतच होता. पाटीपाशी तो थांबला नाही, कारण पाटीपाशी थांबायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. उलट, प्रत्येक खोलीतल्या वस्तूंची नावं दाखव, हे शलाकाने सांगितलेलं त्याला बरोबर आठवत होतं. ते बंद करायला ती विसरली होती. इंटरनेटवर अशी यंत्रं सतत हिंडत असतात, जी उघडं दिसेल ते दार ढकलतात आणि आतलं सगळं टिपून ठेवतात, म्हणजे कुणी नाव टाकून शोधलं की ते समोर आणता येतं. एक यंत्र तिथेही आलं. वाढप्याने त्यालाही अदबीने सगळं वाढलं.

चंद्रकलाचा नवरा काही हुशार माणूस नव्हता. त्याने एके दिवशी बसल्याबसल्या मोबाइलमध्ये बायकोचं नाव टाकलं. आडनावासकट. फोटो आला. झेंडूची रोपं, हसणारी बायको, आणि तिच्या मागे रोपवाटिकेची मोठी पाटी. नाव, गाव, फोन नंबर.

ही पाटी मात्र त्याने वाचली.

ताईंचा फोन आला तेव्हा शलाका रेणूचा डबा भरत होती. ताई एवढंच म्हणाल्या, "चंद्रकलाला त्याने शोधून काढलं. फोटोवरून. जीप काढली आहे, निघ."

रेणूला शेजारी सोपवून शलाका जीपमध्ये बसली. वाटेत तिने मोबाइल काढला आणि महिला दिनाच्या सकाळी जे करायचं होतं ते केलं. परक्यासारखं खोलीचं नाव टाकलं. दार सताड उघडं होतं. सगळ्यांचे फोटो एकाखाली एक. नावांसकट. तिने साइट बंद केली. याला चहा उकळायला लागतो तितकाही वेळ लागला नाही.

त्या दोघी रोपवाटिकेशी पोचल्या तेव्हा चंद्रकलाचा नवरा रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभा होता. भुईमुगाच्या शेंगा खात होता. तो आदल्या दिवशीही तसाच येऊन उभा राहिला होता, असं रोपवाटिकेच्या मालकीणबाई म्हणाल्या. आत आला नाही, ओरडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. पोलिसांना बोलावलं तर त्यांनाच म्हणाला, "साहेब, रस्त्यावर उभं राहायला मनाई आहे का?"

चंद्रकला आपल्या खोलीत पिशवी भरून बसली होती.

"चल," ताई म्हणाल्या. "मागच्या दाराने जीप आणते. आजच्या आज दुसऱ्या गावी नेते तुला. पार लांब."

चंद्रकला जागची हलली नाही. "तिथं गेल्यावरबी फोटो काढणार ना, ताई?"

ताईंनी शलाकाकडे पाहिलं.

"नाही काढणार," शलाका म्हणाली. "आता कध्धीच नाही. चंद्रकला, चूक माझी झाली. दार बंद करायचं माझं काम होतं."

चंद्रकलाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर शलाकाला बरं वाटलं असतं. "तुमी नका वाईट वाटून घेऊ, रेणूच्या आई. तुमाला मुद्दाम करायचं नव्हतं, ते कळतंय मला. पण मी किती ठिकाणं बदलू? आता दर वेळी कुणी उभं दिसलं की वाटणार, हा आला. त्यापेक्षा घरीच बरं. तिथं तो कुठं उभा हाय ते तरी माहीत असतंय."

"चंद्रकला, अगं, तो मारेल तुला," ताई म्हणाल्या.

"मारेल," चंद्रकला म्हणाली.

ती पुढच्या दाराने बाहेर गेली. तो रस्ता ओलांडून आला. त्याने टरफलं झटकली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. फार सभ्यपणे घेतली. दोघं एस्टीच्या थांब्याकडे चालू लागली. मालकीणबाईंनी दिलेलं झेंडूचं एक रोप तिने कडेवर मूल घ्यावं तसं घेतलं होतं. थांब्यापाशी त्याने काहीतरी म्हटलं. तिने ते रोप खाली ठेवलं. एस्टी आली. रोप तिथेच राहिलं.

परतताना जीपमध्ये ताईंनी विचारलं, "तुला कधी शंकाच आली नाही का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. यंत्राचा दोष आहे, असं म्हटलं असतं तर ताईंनी मानलंही असतं. पण शलाका म्हणाली, "आली होती."

"कधी?"

"कार्यक्रमाच्या सकाळी."

"तेव्हापासून आजपर्यंत?"

"रोज. ताई, खरंच सांगते, एक दिवस असा गेला नाही की मी त्याची काळजी केली नाही."

ताई म्हणजे आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेली बाई. आवाज न चढवता म्हणाल्या, "काळजी केलीस. घेतली नाहीस."

शलाकाने दोन्ही शब्द जन्मभर वापरले होते. त्यांत एवढं अंतर असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर तिने नव्या वाढप्याला एका ओळीत सांगून टाकलं, की या खोलीत कुणालाही सोडायचं नाही. तो विसरला नाही. पुढे तिने ती खोलीच मोडली, फोटो पुसून टाकले. पण जे फोटो त्या यंत्रांनी उचलून नेले होते, ते कुठे कुठे गेले, हे कुणालाच सांगता येईना. ताई इतर बायकांना स्वतः जाऊन भेटल्या आणि घडलं ते सांगितलं. काहींनी मुक्काम बदलले. काहींनी 'ओसरी'शी बोलणं सोडलं. एकीने ताईंच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. ताई म्हणाल्या, "बरं केलंस."

साइट पुन्हा सुरू झाली. अजूनही ती वाऱ्यासारखी उघडते. गाऱ्हाणं लिहायला मात्र कुणी येत नाही. दुसऱ्या घराचं काम पूर्ण झालं. त्याच्या खोल्या रिकाम्या आहेत. चंद्रकलाची काही खबर नाही. ताईंनी एकदा तिच्या गावी माणूस पाठवला होता. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, ती झोपली आहे.

तात्पर्य: काळजी केल्याने काळजी घेतली जात नाही. शंकेचं दार त्याच क्षणी उठून हाताने ढकलून पाहावं, कारण नवा पहारेकरी जुनी पाटी वाचेलच असं नाही, आणि आपण नुसते जागे आहोत म्हणून कुणाचं रक्षण होत नाही.

चंद्रकलामावशी फोटोत हसत होती ती आता कुठे आहे, असं रेणूने एका संध्याकाळी विचारलं, तेव्हा शलाकाने तिला हे सगळं तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. तात्पर्यही सांगितलं. काहीही लपवलं नाही. रेणूने मान हलवत नीट ऐकून घेतलं. मग आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकून ती अगदी निर्धास्तपणे म्हणाली,

"पण तू माझी खूप खूप काळजी करतेस ना, आई? मग मला काहीच होणार नाही."